गाळाला बसलेले धक्के



या व्याख्यानाच्या निमंत्रणाचा फोन आला तेव्हा मी संयोजकांना आधीच विचारून घेतलं, की मैलापाणी हा विषय चालेल का? संतसाहित्य, राज्यघटना, शेती अशा विषयांच्या पंगतीत संडासातून वाहून गेलेल्या पाण्याला जागा मिळेल की नाही, अशी शंका होती. ते म्हणाले, "चालेल, फक्त जेवणाच्या आत आटपा."

ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे, त्या आमच्या सरांनी ही अट मानली नसती. विद्यार्थ्यांना प्रकल्पावर नेलं की ते डबे तिथेच उघडायला लावायचे, एअरेशन टँकच्या कठड्याशी. नीट चाललेल्या टाकीला घाण येत नाही, ओल्या मातीचा वास येतो. हे पुस्तकात वाचून पटत नाही, तिथे उभं राहून भाकरी खाल्ली की पटतं, असं ते म्हणत. टाकीतल्या पाण्याचा रंग चॉकलेटी असतो. एक लिटरच्या मोजपात्रात ते ओतून अर्धा तास हलवलं नाही, की गाळ खाली बसतो आणि वर नितळ पाणी राहतं. ऑपरेटर याला 'एसव्ही थर्टी' म्हणतात. प्रकल्पावरची ही सगळ्यात स्वस्त चाचणी, आणि माझ्या मते अजूनही सगळ्यात बोलकी.

त्या खाली बसलेल्या गाळाबद्दल आज बोलायचं आहे. तो गाळ जिवंत असतो. जिवाणू स्वतःच पाझरवलेल्या चिकट द्रव्यात एकमेकांना धरून राहतात, त्यांचे बारीक पुंजके होतात, आणि पुंजके जड असल्यामुळे खाली बसतात. हे जिवाणू आपण नेमलेले नसतात. मैल्याबरोबर, मातीबरोबर, हवेतून ते येतात आणि ज्याला जमेल तो टिकतो. त्यांच्यावर संकट आलं, म्हणजे विष आलं, उपासमार झाली, पूर आला, तर हा समाज काय करतो? मोडतो की सावरतो? सावरला तर तोच सावरतो की दुसराच उभा राहतो?

थोडा इतिहास, कारण त्यात आपल्याकडचा एक धागा आहे. मँचेस्टरच्या डेव्हीहल्म प्रकल्पावर एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट हे दोघे बाटल्यांत मैलापाणी भरून त्यात हवा सोडत होते. पहिल्या खेपेला पाण्यातला सगळा अमोनिया नायट्रेटमध्ये बदलायला सुमारे पाच आठवडे लागले. इतका वेळ कुठलंही शहर थांबू शकत नाही. मग त्यांनी वरचं नितळ पाणी काढून टाकलं, तळाचा गाळ मात्र ठेवला आणि त्यावर नवं मैलापाणी ओतलं. काम लवकर झालं. पुन्हा तेच केलं, आणखी लवकर झालं. असं करत करत पाच आठवड्यांचं काम चोवीस तासांच्या आत आलं. ३ एप्रिल १९१४ रोजी त्यांनी हे निष्कर्ष मांडले आणि जगभरच्या शहरांना मैला शुद्ध करायची वाट मिळाली. विरजण जपून ठेवणाऱ्या कुठल्याही घरात हे तत्त्व नवं वाटणार नाही. या दोघांना वाट दाखवणारे गिल्बर्ट फाउलर १९१२ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स इथले प्रयोग पाहून आले होते. तेच फाउलर १९१६ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले आणि पुढे इथलेच झाले. सक्रिय गाळाचा, म्हणजे ॲक्टिव्हेटेड स्लजचा, शोध लागून दोन वर्षं होतात न होतात तोच त्याचा एक जनक भारतात होता, हे आपल्या अभियांत्रिकीच्या मुलांना कोणी सांगत नाही.

आता या समाजाची लोकसंख्या. जनुकवाचनाची यंत्रं स्वस्त झाल्यावर २३ देशांतल्या २६९ प्रकल्पांमधून सुमारे १,२०० नमुने गोळा करून तपासले गेले. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. जगभरच्या अशा गाळात मिळून जिवाणूंचे सुमारे एक अब्ज प्रकार असावेत, असा संशोधकांचा अंदाज निघाला. आणि सगळीकडे भरवशानं आढळणारा गाभा किती? फक्त २८ प्रकारांचा. म्हणजे दोन शहरांतले दोन प्रकल्प एकाच आराखड्याचे, एकाच कंपनीचे असले, बाहेर पडणारं पाणी सारखंच स्वच्छ असलं, तरी आत राबणारी माणसं, क्षमा करा, जिवाणू, बरेचसे वेगळे असतात. काम एक, करणारे निराळे. ही गोष्ट पुढे वारंवार येणार आहे.

यावरचं मला सर्वांत भावलेलं उदाहरण हाँगकाँगचं आहे. तिथे गोड्या पाण्याची टंचाई म्हणून बहुतेक घरांत संडासाला समुद्राचं पाणी वापरतात. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून ही व्यवस्था चालत आली आहे. त्यामुळे तिथलं मैलापाणी खारट. शा टिनच्या प्रकल्पातून हाँगकाँग विद्यापीठाच्या संशोधकांनी नऊ वर्षं जवळजवळ दर महिन्याला गाळाचा नमुना घेतला. एकूण ९७ नमुने. विज्ञानात असं चिकाटीचं काम फार थोडे लोक करतात, कारण पहिल्या दोन-तीन वर्षांत छापण्याजोगं काहीच निघत नाही. इथेही पहिली तीन वर्षं तसंच झालं. समाज थोडा इकडे, थोडा तिकडे होत होता, उन्हाळा-हिवाळ्याप्रमाणे हलत होता, पण एका सरासरीभोवती घुटमळत होता.

मग टाकीत ब्लीच पडलं. जगभर ऑपरेटर हे करतात. पुंजक्यांतून केसांसारखे तंतू वाढवणारे काही जिवाणू असतात. ते माजले की पुंजके एकमेकांत अडकतात, गाळ खाली बसत नाही, वर घट्ट फेस चढतो. मोजपात्रात अर्ध्या तासानंतरही गाळ वरच तरंगताना दिसतो. तंतू पुंजक्याबाहेर डोकावतात, म्हणून क्लोरीनचा पहिला मार त्यांनाच बसतो आणि आतले वाचतात, हा त्यामागचा हिशेब. हा मार तात्पुरता होता, एकदाच बसलेला. ब्लीचचा अंश निघून गेल्यावर समाज पुन्हा जुन्या ठिकाणी यायला हवा होता, निदान आपण तरी तसंच धरून चालतो. तो आला नाही. भराभर बदलून तो एका नव्याच घडीत जाऊन बसला आणि तिथेच स्थिरावला. नव्यानं वर आलेल्या जिवाणूंची जनुकं तपासली तर एकमेकांना चिकटून पुंजके करण्याची कुवत त्यांच्यात जास्त दिसली.

आणि प्रकल्पाचं काय झालं? काहीच नाही. पाणी पूर्वीइतकंच स्वच्छ बाहेर पडत राहिलं. समाजाकडे असलेल्या कामांचा एकूण साठा, कोण काय पचवू शकतो याचा ताळेबंद, जवळपास जशास तसा राहिला. बाहेरच्या नळीपाशी उभ्या असलेल्या माणसाला आत सत्तांतर झाल्याचा पत्ताही लागला नसता.

यावर कोणी म्हणेल, धक्का बसला म्हणून बदल झाला. पण धक्का नसतानाही बदल होतोच. मिशिगन राज्य विद्यापीठात नव्वदच्या दशकात काही संशोधकांनी हवाबंद पात्रात मिथेन तयार करणारा समाज वाढवला. खाद्य एकच, ग्लुकोज. परिस्थितीही बदलती नाही. हा समाज त्यांनी ६०५ दिवस पाळला. काम अखंड सुरळीत चाललं होतं, पण आतले जिवाणू मात्र सतत पालटत होते. म्हणजे 'स्थिर' कशाला म्हणायचं, हा प्रश्न उभा राहिला.

त्याच गटानं पुढे केलेला प्रयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. अशाच पात्रांचे त्यांनी दोन संच केले, दोघांत वेगवेगळा समाज. मग दोन्हींवर एकदम भरमसाट ग्लुकोज टाकलं. पहिल्या संचात उलथापालथ झाली: पीळदार आकाराचे स्पायरोकीट जिवाणू मागे पडले, दुसरेच पुढे आले, त्यांनी साखरेचा लोंढा संपवला, आणि मग पुन्हा जुने वर आले. दुसरा संच तुलनेनं शांत राहिला, प्रमुख मंडळी आपल्या जागा सोडायला तयार नव्हती. आता कोणत्या संचानं काम नीट केलं असेल? ज्यात पळापळ झाली, त्यानं. जो समाज डगमगला नाही, त्याचंच काम जास्त बिघडलं. प्रकल्पावर आपण स्थिरतेचं कौतुक करतो, रोजच्या नोंदवहीत आकडा हलला नाही की खूश होतो. कोणाची स्थिरता मोजतोय, हे मात्र विचारत नाही.

असाच एक धडा २००९ मधल्या एका प्रयोगातून मिळाला. नायट्रेटचं वायूत रूपांतर करणाऱ्या १८ जिवाणूंच्या वेगवेगळ्या मिश्रणांच्या १,२६० छोट्या वसाहती केल्या गेल्या. प्रत्येकात १८ च्या १८ हजर, पण कुठे सगळे साधारण सारख्या संख्येनं, तर कुठे एका-दोघांचंच राज्य. मग मीठ वाढवलं. जिथे वाटणी समान होती, तिथे काम टिकलं. जिथे एकाच्याच हाती कारभार होता, तिथे ढासळलं. यादीत नावं किती आहेत याला फारसा अर्थ नाही.

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल, की मग काळजीचं कारणच काय? एक गेला तर दुसरा येतो. बऱ्याच कामांपुरतं हे खरं आहे. साखर, स्टार्च, प्रथिनं, मेद हे मैल्यातलं सोपं अन्न खाणारे जिवाणू अगणित, आणि दर तासाला नवे येत असतात. बीओडी, म्हणजे हे अन्न पचवायला लागणारा प्राणवायू, कमी करण्याचं काम म्हणूनच सहसा सावरतं. अमोनियाचं मात्र तसं नाही, आणि माझा आजचा खरा मुद्दा तोच आहे.

अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू वेगळ्याच जातकुळीचे असतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राडस्की यांनी ते दाखवून दिले. हे सेंद्रिय अन्न खात नाहीत. अमोनिया किंवा नायट्राइट जाळून मिळणाऱ्या तुटपुंज्या ऊर्जेवर, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून स्वतःचं शरीर बांधतात. त्यामुळे त्यांची वाढ कूर्मगतीची. दुसऱ्या टप्प्यासाठी माझ्या पिढीनं परीक्षेत 'नायट्रोबॅक्टर' लिहून गुण मिळवले. नव्वदच्या दशकात कळलं, की प्रकल्पांत त्या जागी बहुधा नायट्रोस्पायरा असतो. २०१५ मध्ये आणखी एक धक्का: काही नायट्रोस्पायरा दोन्ही टप्पे एकटेच उरकतात. नावं बदलली, तरी या कामाला लागणारे हात थोडेच आहेत हे खरं राहिलं.

आणि ते नाजूक आहेत. किती, हे प्रयोगशाळेतल्या एका रोजच्या गोष्टीवरून कळतं. बीओडीच्या बाटलीत या जिवाणूंनी प्राणवायू खाऊन आकडा बिघडवू नये म्हणून ॲलिलथायोयुरिया टाकतात. ते अगदी थोडं पडतं, तरी अमोनिया जाळणारे गप्प होतात, आणि त्याच बाटलीतले बाकीचे जिवाणू बिनघोर जेवत राहतात. असं निवडून मारणारं रसायन कारखान्याच्या नालीतून टाकीत आलं, तर बाहेरून काय दिसेल? रंग तोच, वास तोच, एसव्ही थर्टी तोच. आठवड्यानं प्रयोगशाळेचा अहवाल येतो, तेव्हा अमोनिया चढलेला असतो.

एक साधा हिशेब करू. शंभरातले नव्व्याण्णव जिवाणू मेले असं धरा. एकाचे पुन्हा शंभर व्हायला संख्या जेमतेम सात वेळा दुप्पट व्हावी लागते. सेंद्रिय अन्न खाणारे चार तासांत दुप्पट होत असतील, तर सव्वा दिवसाच्या आत ते भरून निघाले. अमोनियावाल्यांची निव्वळ वाढ दोन दिवसांत दुप्पट धरली, तर दोन आठवडे गेले. त्यात प्रकल्पावर रोजच्यासारखा गाळ काढणं चालू असेल, तर वाढीतला काही भाग रोज बाहेर जातो. दररोज दहा टक्के गाळ काढला की गाळाचं सरासरी वय दहा दिवस. नेहमीच्या दिवसांत हे ठीक, पण जे दोन आठवड्यांत सावरणार होते त्यांना मग जवळपास तीन आठवडे लागतात.

सावरतानाही दोन टप्पे एकाच वेळी जागे होत नाहीत. पहिला टप्पा करणारे आधी उठतात. साठलेला अमोनिया जास्त असेल आणि पाणी अल्कधर्मी असेल, तर मुक्त अमोनिया दुसऱ्या टप्प्यातल्यांना खूप आधीच, अगदी लिटरला १ मिलिग्रॅमच्या आतसुद्धा, त्रास देतो. पहिल्यांना त्याच्या कितीतरी पट सोसतं. मधल्या काळात नायट्राइट साठतं. आणि मग शेवटच्या, क्लोरीन देण्याच्या टाकीवर गंमत होते. नायट्राइट क्लोरीन खातं: १ मिलिग्रॅम नायट्राइट-नायट्रोजनला सुमारे ५ मिलिग्रॅम क्लोरीन. ऑपरेटर नेहमीइतकं हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, सोडतो, पण उरलेला क्लोरीन शून्य दाखवतो. तो पंप तपासतो, हायपोची खेप जुनी म्हणून पुरवठादाराला शिव्या घालतो, मात्रा दुप्पट करतो. दोष तीन टाक्या मागे, दोन आठवड्यांपूर्वीच्या रात्री आलेल्या कशात तरी असतो.

या अवघड कामांचं टोक रॉटरडॅमला पाहायला मिळतं. अमोनिया आणि नायट्राइट एकत्र करून थेट नायट्रोजन वायू बनवणारे, म्हणजे ॲनामॉक्स करणारे, जिवाणू नव्वदच्या दशकात डेल्फ्टच्या मंडळींच्या हाती लागले. त्यांना दुप्पट व्हायला दहा-अकरा दिवस लागतात. त्यांच्यासाठी जगातला पहिला पूर्ण आकाराचा रिॲक्टर २००२ मध्ये रॉटरडॅमच्या डॉकहाव्हन इथे सुरू झाला. आकार फक्त ७० घनमीटर. तो पूर्ण क्षमतेला यायला साडेतीन वर्षं लागली, कारण पेरायला पुरेसा गाळच जगात कुठे नव्हता. मधे एखादा धक्का बसला की पुन्हा मागे. पुढच्या प्रकल्पांना आधीच्या प्रकल्पाचा गाळ नेता आला आणि त्यांची सुरुवात झपाट्यानं झाली.

आता धक्क्यांच्या वेळापत्रकाबद्दल. रोज ठरल्या वेळी येणारा धक्का हा धक्का राहत नाही. पणजीजवळच्या टोंका इथल्या किंवा नवी मुंबईतल्या एसबीआर पद्धतीच्या टाक्या पाहा. त्यात पाणी भरायचं, हवा द्यायची, हवा बंद करायची, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी काढायचं, असं चक्र दिवसभर चालतं. प्राणवायू आहे, नाही, आहे; अन्न आहे, संपलं, आहे. समुद्रातल्या जिवाला भरती-ओहोटी असते तशी इथल्या जिवाणूंना ती सवयीची. किंबहुना टाकीच्या तोंडाशी आधी पोटभर, मग उपास अशी रचना केली तर तंतू माजत नाहीत आणि पुंजके घट्ट होतात, हे प्रागमधल्या खुदोबा यांनी सत्तरच्या दशकात दाखवलं आणि आज कितीतरी डिझाइनं त्यावर उभी आहेत.

बेभरवशाचा असतो तो अधूनमधून येणारा धक्का. सिंगापूरमधल्या संशोधकांनी २० मिलिलिटरच्या चिमुकल्या पात्रांत गाळ घेऊन ३-क्लोरोॲनिलीन हे विषारी रसायन ३५ दिवस दिलं. काहींना कधीच नाही, काहींना रोज, काहींना मधल्या वेगवेगळ्या अंतरांनी. एकूण आठ पायऱ्या. ज्यांना कधीच मिळालं नाही ती सगळी पात्रं एकमेकांसारखी झाली. रोज मिळालं त्यांचंही तसंच, ती विष पचवायला शिकली. मधल्यांमध्ये मात्र विविधता सर्वांत जास्त, आणि एकाच वागणुकीची जुळी पात्रंसुद्धा वेगवेगळ्या दिशांना गेली. कोण कुठे जाईल हे आधी सांगता येईना. नशिबाचा वाटा वाढला. विविधता वाढली म्हणून पर्यावरणवाल्यांनी टाळ्या वाजवाव्यात, तर प्रकल्प चालवणाऱ्यानं घाम पुसावा, असा हा निकाल आहे. आपल्या औद्योगिक वसाहतींतल्या सामायिक प्रकल्पांचं दुखणं हेच. तिथे रोज येणाऱ्या घाण पाण्यानं नव्हे, तर महिन्यातून एखाद्या रात्री कोणीतरी गुपचूप रिकाम्या केलेल्या टँकरनं वाट लागते.

घरगुती पाण्यातले धक्के लहान असतात, पण त्यांची मोजदाद नसते. मोठ्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या तळघरातल्या एसटीपीत वीजबिल वाचवायला रात्री ब्लोअर बंद ठेवतात. कमिटीच्या बैठकीत तो ठराव एकमतानं मंजूर होतो. विरघळलेला प्राणवायू लिटरला २ मिलिग्रॅम असावा हा प्रकल्पावरचा दंडक आहे. तो घसरला की सेंद्रिय अन्न खाणारे कसंबसं भागवतात, अमोनियावाले थांबतात. दिवाळीच्या सफाईत ॲसिड आणि ब्लीच पावडर एकाच दिवशी शंभर न्हाणीघरांतून येते, आणि दुसऱ्या दिवशी अर्धी सोसायटी गावाला गेलेली असल्यामुळे अन्नच येत नाही. पावसाळ्यात गच्चीचं पाणी ड्रेनेजला जोडलेलं असतं. त्या लोंढ्यानं गाळ क्लॅरिफायरच्या, म्हणजे गाळ बसवण्याच्या टाकीच्या, काठावरून वाहून जातो, शिवाय मैलापाणी पातळ झाल्यानं अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल शोषून घेण्याची पाण्याची ताकद, घटते. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन जाळायला सुमारे ७ मिलिग्रॅम अल्कलिनिटी खर्च होते. ती संपली की सामू घसरतो आणि काम आपोआप थांबतं.

सूक्ष्मदर्शक असेल तर यातलं बरंच आधी कळतं. पुंजक्यांना चिकटून व्होर्टिसेला नावाचे एकपेशीय जीव असतात: घंटेच्या आकाराचं अंग, खाली देठ. काचेवर टिचकी मारली की देठ गुंडाळून खाली बसतात आणि पुन्हा हळूहळू ताठ होतात. पाणी बिघडलं की घंटा मिटलेल्या दिसतात, काही तर देठ सोडून पोहत निघून जातात आणि मागे रिकामे देठ उरतात. अहवालाच्या कितीतरी आधी. एवढं पाहायला साधा, शाळेतला सूक्ष्मदर्शक पुरतो. ज्या प्रकल्पांवर लाखोंचे ऑनलाइन सेन्सर धूळ खात आहेत, तिथे तो सहसा नसतो.

साखर कारखान्यांची गोष्ट याहून निराळी. तिथला सांडपाणी प्रकल्प (ईटीपी) दरवर्षी गाळप संपलं की उपाशी पडतो आणि पुढच्या हंगामाला पुन्हा उभा करावा लागतो. गाळप सुरू होण्याच्या महिनाभर आधी तो सुरू करून स्थिर करावा, असा नियम आहे. मग टाकीत ट्रॉलीनं शेण पडतं. उसाच्या पाण्यात साखर भरपूर, नत्र-स्फुरद जवळपास नाही, म्हणून युरिया आणि डीएपी टाकतात; शंभर भाग बीओडीला पाच भाग नत्र आणि एक भाग स्फुरद हे प्रमाण ऑपरेटरला पाठ असतं. शेणानं काम होतं, हे मी नाकारत नाही. पण माझ्या मते त्याचं श्रेय शेणातल्या जिवाणूंना फारसं नाही. ते जनावराच्या पोटातले, हवेविना जगणारे. टाकी चालू लागते ती तळाशी वाळून राहिलेल्या जुन्या गाळातून आणि मातीतून उठलेल्यांमुळे. कोरडा गाळ खरवडून टाकी 'स्वच्छ' करणारे कारखाने स्वतःचंच नुकसान करतात.

शेवटी, धक्का बसल्यावर काय करावं, हा प्रश्न नेहमी येतो म्हणून आधीच सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे गाळ काढणं थांबवायचं. बहुतेक ठिकाणी घाबरून नेमकं उलटं करतात, 'खराब झालेला' गाळ उपसून टाकतात, आणि त्याबरोबर वाचलेले एक टक्काही जातात. गाळ तरंगत असेल तर गोष्ट वेगळी. हवा वाढवायची, सामू पाहायचा, लागला तर चुना किंवा सोडा ॲश. आणि नायट्राइट मोजायचं, त्याच्या पट्ट्या मिळतात.

बाटलीतलं आणि पुडीतलं 'कल्चर' याच वेळी विकायला येतं. बीओडीसाठी ते घेणं म्हणजे जिथे गर्दी आहे तिथे आणखी चार माणसं पाठवणं. त्यातले बरेच जिवाणू लवकरच व्होर्टिसेलासारख्या प्रोटोझोआच्या पोटात जातात. अमोनियासाठी बाहेरून जिवाणू आणणं मात्र समजू शकतो, कारण ते स्वतःहून पुरेसे येत नाहीत. पण ते पुडीतून नकोत. जवळच्या, तुमच्यासारखंच मैलापाणी येणाऱ्या चालू प्रकल्पातून परतीच्या गाळाचा, म्हणजे खाली बसवून टाकीत परत सोडल्या जाणाऱ्या गाळाचा, टँकर आणा. ओला, जिवंत, पुंजक्यांसकट. आणण्याआधी त्यांच्या बाहेर पडणाऱ्या पाण्यातला अमोनिया आपण स्वतः मोजा, त्यांच्या वहीतला आकडा घेऊ नका. तो जास्त निघाला तर टँकर आणू नका, दुसरा प्रकल्प शोधा.

प्रश्नांना वेळ आहे, जेवणालाही.